दादाचा अर्धवट राहिलेला ड्रायव्हर

लिनक्स ग्रुपवरच्या मंडळींनो, दादा वारल्यापासून इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी त्याचाच लिनक्सवर चालणारा लॅपटॉप वापरतो. आज आई मला व्हिडिओ कॉलवर बघायला नागपूरच्या सायबर कॅफेत बसली होती, पण माझा वेबकॅम चालेना.

"रोडावलास म्हणून तोंड लपवतोस ना रे?" आई म्हणाली.

रूममेट म्हणाला, "कंपनीचा ड्रायव्हर टाक ना, यार." कॅमेरा चालवणारा तो प्रोग्राम टाकला. तो लिनक्सच्या जुन्या आवृत्तीपुरताच निघाला. कंपनी त्याचा सोर्स कोड देत नाही, म्हणून दुरुस्तही करता येत नाही.

दादा याच कॅमेऱ्यासाठी स्वतः ओपन सोर्स ड्रायव्हर लिहीत होता. ती फाइल सापडली. शेवटी लिहिलंय, "उरलेलं रविवारी."

ती कोणीही उघडून पूर्ण करू शकतं. मी सिव्हिलवाला, मला त्यातलं काही कळत नाही.

फाइल सोबत जोडली आहे. आईला पुढच्या रविवारी परत ये म्हटलंय. कोणाला जमेल का?