बी-१२ च्या शोधात कुरखेडा: महर्षी, मी आणि प्लास्टिकचा तांदूळ

कुरखेड्याला कोणी पर्यटनाला जात नाही. आम्ही गेलो, कारण आमच्या ह्यांना व्हिटॅमिन शोधायचं होतं.

हे म्हणजे सुधाकर. निवृत्त बँक अधिकारी, पक्के शाकाहारी, आणि हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून महर्षी. त्यांचे दोन्ही तळपाय बधिर व्हायला लागले होते. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, बी-१२ पार तळाला गेलंय, इंजेक्शनं लगेच सुरू करा, उशीर केलात तर नसा कायमच्या जातील. महर्षींनी मला विचारलं, हे बनतं कसं? मी सांगितलं, मोठ्या स्टीलच्या टाक्यांमध्ये जंतू वाढवतात, ते बनवतात.

"म्हणजे जंतूंची घाण माझ्या अंगात टोचणार? मला नैसर्गिक पाहिजे!"

आता गंमत बघा. मी जन्मभर नोकरी केली ती व्हिटॅमिनच्याच कारखान्यात, प्रयोगशाळेत. त्या जंतूंच्या जिवावर आलेला पगार ह्यांना तीस तारखेला बरोबर नैसर्गिक वाटायचा.

त्यात एक व्हिडिओ सापडला: झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातले, लोक रात्रभर पाण्यात आंबवलेला भात खातात, त्यात म्हणे बी-१२ ठासून भरलेलं असतं. भात आंबवणारे जंतू वेगळे, बी-१२ करणारे वेगळे, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण ऐकतील ते महर्षी कसले! कुरखेड्याजवळच्या वनिताबाईंची मुलगी नागपुरात आमच्याकडे खोली घेऊन शिकली होती, तेव्हापासून त्यांचं या-या चालू होतंच. निघालो. इंजेक्शनं मी गुपचूप पर्समध्ये टाकली.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते: नागपूर, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडून वडसा आणि पुढे कुरखेडा. चहापाण्यासकट चार-साडेचार तास धरा. उमरेडपर्यंत ट्रक फार, नागभीडनंतर जीव शांत होतो. मुक्कामाला लॉज हवा असेल तर वडशातच बघून ठेवा. नागभीडला टपरीवर आलूबोंडा आणि वरून तर्री, पन्नास रुपयांत दोघांचं पोट भरतं. गाडी मी चालवत होते. टपरीवाल्याने विचारलंच, "काऊन भाऊ, बाई गाडी चालवून राह्यल्या आन् तुमी बसून?"

"तिला हौस आहे," महर्षी म्हणाले.

हौस कसली डोंबलाची! ह्यांना पायाखाली ब्रेक आहे की क्लच हे कळेनासं झालं होतं. महिन्याभरापूर्वी सोसायटीचं फाटक पाडून झालंय.

धान कापून झालं होतं. वनिताबाईंच्या अंगणात पोहोचलो तेव्हा त्या रेशनचा तांदूळ पाण्यात घालून वर तरंगणारे दाणे वेचून कोंबड्यांना टाकत होत्या.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"प्लास्टिकचा तांदूळ हाय जी. पाण्यावर येते पाहा. अख्खं गावच वेचून फेकते."

महर्षींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बघ! ह्या लोकांना कारखान्यातलं बरोबर ओळखता येतं!"

मी कपाळावर हात मारला. प्लास्टिक कसलं! तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून ते दाणे मशीनमध्ये घडवतात आणि रेशनच्या तांदळात मिसळतात. त्यातलं बी-१२ सुद्धा जंतूंनीच केलेलं. म्हणजे नागपूरचा साहेब जे टोचून घेत नव्हता, तेच कुरखेड्याच्या कोंबड्या आवडीने टिपत होत्या. त्यांच्या पायांना काही झालेलं नव्हतं.

मी समजावून सांगितलं तर वनिताबाई उसळल्या. "मंग आमाले सांगाले नाई पायजे का कोनी? पोत्यावर लिवलं असन, तर पोतं दुकानदार ठेवते. आमच्या थैलीत तांदूळच येते ना जी!"

त्यांचं काही चुकत नव्हतं. लोकांच्या पोटात काही घालायचं ठरवता आणि त्यांना सांगायचं तेवढं विसरता, ही कुठली रीत?

संध्याकाळी वनिताबाईंचे यजमान मारोतीभाऊ बोडीतून, म्हणजे गावच्या छोट्या तलावातून, मासे घेऊन आले. चुलीवर रस्सा शिजायला लागला. वनिताबाईंनी विचारलं, "तुमी कंपनीत काय करत होत्या जी?"

"जंतू पाळत होते."

"आमी कोंबड्या पाळतो तसे?"

"तसेच. गरम टाकी, खायला उसाची मळी, चिमूटभर कोबाल्ट नावाचा धातू. भलता जंतू आत शिरला की अख्खी टाकी ओतून द्यायची. सगळं नीट जमलं तर शेवटी लालभडक पूड मिळते. बी-१२ गाय करत नाही, मासा करत नाही, झाड तर नाहीच नाही. करतात ते जंतूच. गाईच्या पोटात नाहीतर टाकीत."

"मंग भाऊले मासोळीच वाढतो ना!" मारोतीभाऊ म्हणाले. महर्षींनी ताट दोन्ही हातांनी झाकलं आणि उद्यासाठी भात भिजवायला सांगितला.

सकाळी तो आंबलेला भात कांदा-मिरचीशी चवीने खाऊन ते बोडीकडे फिरायला गेले. भात खरंच फक्कड होता, मीही दोनदा घेतला. अर्ध्या तासाने परतले ते प्रवचन देतच. "अंगात काय ताकद आली आहे! निसर्ग तो निसर्ग!"

वनिताबाई त्यांच्या पायांकडे बघत होत्या. "भाऊ, दुसरी चप्पल कुठी हाय जी?"

महर्षींनी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती, डाव्यात नव्हती. नुकत्याच सारवलेल्या अंगणात फाटकापासून रक्ताचे ठसे उमटले होते. डाव्या तळव्यात बाभळीचा बोटभर काटा रुतला होता आणि त्या काट्यावर हा माणूस बोडीपासून घरापर्यंत गप्पा मारत चालत आला होता.

मारोतीभाऊंनी बसवून काटा ओढला. "दुखून नाई राह्यलं?"

"नाही," सुधाकर म्हणाले. मग त्यांनी स्वतःच तळव्यावर नख रुतवून बघितलं. पुन्हा रुतवलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. माझं तर धाबंच दणाणलं. इतके दिवस मी चेष्टा करत होते, पण हा माणूस उद्या चालायचा थांबला तर मी काय करणार होते?

"मेला तो निसर्ग!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "उठा, दवाखान्यात चला!"

कुरखेड्याच्या दवाखान्यात नर्सबाईंनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मी पर्समधून डॉक्टरांची चिठ्ठी आणि बी-१२ ची कुपी काढून पुढे केली. आतलं औषध लाल होतं. सुधाकरांनी ती कुपी हातात घेऊन उजेडात धरली. मला वाटलं, आता प्रवचन सुरू होणार.

"उशीर झाला असेल का गं?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "माहीत नाही," म्हटलं. त्यांनी बाही वर केली.

जायचंच असेल कुरखेड्याला तर धान कापल्यावर जा. जंगल बघा, तो भात खा, पण औषध म्हणून नको, चवीसाठी खा. वनिताबाईंचा परवा फोन आला होता. त्या आता दाणे वेचत नाहीत, शेजारणी मात्र अजून वेचतात आणि वनिताबाईंनाच वेड्यात काढतात. इकडे ह्यांच्या इंजेक्शनांचा कोर्स चालू आहे. डाव्या पायाचं डॉक्टर अजून नक्की काही बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात मी कणीक मळत होते, तर आतल्या खोलीतून सुधाकरांची अशी किंकाळी आली की हातातली परात पडली. उजव्या पायाचा अंगठा पलंगाला आपटला होता. पाय धरून, डोळ्यांत पाणी आणून ते पलंगाला, सुताराला आणि मला एका दमात शिव्या घालत होते.

"दुखतंय?" मी विचारलं.

"अगं, मरणाचं दुखतंय!"

मी तिथेच फरशीवर बसले आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडले.