तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

मार्लिस एंगेब्रेटसनच्या घरापासून शाळेपर्यंत एकच रस्ता, आणि त्या रस्त्यात रेल्वेचे रूळ. फाटक नाही, नुसती इशाऱ्याची लाकडी फुली. मागच्या हिवाळ्यात शेजारचा लाइल दुधाचा ट्रक घेऊन रूळ ओलांडत होता आणि धुक्यातून मालगाडी आली. लाइल जागीच गेला. मार्लिसची मुलगी ब्रिटा रोज शाळेच्या बसनं त्याच रुळांवरून जाते.

फाटकासाठी गावभर फिरली ती लाइलची बायको व्हर्ना. पण राज्याच्या राजधानीत, सेंट पॉलला विधानभवनात बोलायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "मला भर सभेत रडू फुटेल गं. तू कॉलेजात शिकलेली, तू जा. एवढंच सांग, की फाटक याच अधिवेशनात पाहिजे. आता आठवडाच उरलाय."

बोलावणं होतं एकोप्याच्या दिवसाचं. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे आमदार त्या दिवशी जोडीनं बसतात, कोटावर दोन्ही पक्षांच्या रंगांची लाल-निळी फीत लावतात आणि एकाच भांड्यातून हॉटडिश खातात. खाली खिमा, वर भाजलेले बटाटे. मार्लिसच्या भागातली जोडी म्हणजे रिपब्लिकन नोवोत्नी आणि डेमोक्रॅट लिंडालबाई. फाटकाचं विधेयक या दोघांतच अडकलं होतं. त्यावर पहिलं नाव कुणाचं, एवढ्यावरून.

कॅमेरे सुरू झाले. दोघांचे चमचे एका भांड्यात गेले.

"लिंडालबाई, तुमच्या बाजूचा बटाटा माझ्याकडे सरकला. हे पक्षांतर धरायचं का?"

"चटकन गिळा, नाहीतर परत यायचा!"

सभागृह खो खो हसलं. मार्लिसही हसली. मग नोवोत्नी माइक घेऊन तिच्याकडे वळला.

"मार्लिस, दोन शब्द बोलता?"

"नको, नको. तुमचं चालू द्या."

"बोला की! तुम्ही आमच्या पाहुण्या."

"छे हो, माझ्यापायी कशाला खोळंबा."

मार्लिसच्या भागात केकचा तुकडासुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतात. पहिल्याच हाकेला हात पुढे करणारा हावरा. मार्लिसच्या तोंडात वाक्य तयार होतं, लाइलचं नाव तयार होतं. ती तिसऱ्या हाकेची वाट पाहत होती.

नोवोत्नीनं माइक लिंडालबाईंना दिला. त्या एकोप्यावर बोलल्या. मग फोटोसाठी मार्लिसला दोघांच्या मध्ये उभं केलं, तिच्याही कोटाला फीत लावली. ती दात दाखवून हसली. वर दोघांना म्हणाली, "फार आभारी आहे."

परतीच्या वाटेवर तिला वाटलं, नोवोत्नी तर आपल्याच भागातला, त्याला रीत ठाऊक नव्हती का? पण लगेच तिचे कान तापले. माइक हातभर अंतरावर होता. हात तिचाच पुढे झाला नव्हता.

व्हर्नाकडे टीव्ही चालू होता.

"दिसलीस हं. फीत शोभत होती. फाटकाचं बोलणं कापलं वाटतं त्यांनी?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती.

"मी बोललेच नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं."

व्हर्नानं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "आमच्या लाइलनंही गाडीला म्हटलं असेल, 'आधी तुम्ही.'"

दोघीही हसल्या नाहीत. व्हर्नानं टीव्ही बंद केला.

"पोरं उद्या तिथूनच जाणार," ती म्हणाली. "तुझी ब्रिटाही."

ब्रिटाला उद्यापासून आपल्या गाडीतून, लांबच्या पुलावरून न्यायचं, हे मार्लिसनं वाटेतच ठरवलं होतं. बसमधल्या बाकीच्या मुलांचा विचार तिच्या मनात आत्ता पहिल्यांदा आला. "हो," ती कशीबशी म्हणाली, आणि व्हर्नाकडे न पाहता कोटावरची फीत सोडवू लागली. टाचणी निघता निघेना.