शांत बेटावरचे सिद्धारामकाका

मुरुमजवळच्या तलावात एक टेकाड आहे. तलाव भरला की त्याचं बेट होतं. सिद्धारामकाकांनी तिथं दोन तंबू ठोकले आणि सोलापूरच्या लोकांसाठी काठावर पाटी लावली, ‘शांत बेट’. पहिला पाहुणा, निमिष नावाचा तरुण, एकटाच आला. त्याने अभिप्रायाच्या वहीत चार चांगले शब्द लिहिले तरच पुढचे पाहुणे येतील, या काळजीने काकांना चैन पडेना.

त्यातून, पाहुण्याला एकटं सोडणं त्यांच्या घराण्यात कुणाला जमलेलंच नव्हतं. सकाळी ते नाव वल्हवत शेंगाची चटणी घेऊन गेले आणि दोन तास बसले. निमिष टेकाड चढू लागला, तर काका धापा टाकत मागोमाग. दुपारी त्याने आपला तंबू उचलून पलीकडच्या टोकाला नेला. काकांनी आपली घोंगडीही तिकडेच नेऊन अंथरली.

ते चहा न्यायला घरी आले, तेव्हा महादेवीकाकू म्हणाल्या, “अव्हं, त्यांला एकटं ऱ्हायचंय.”

“एकटं? घरी भांडून आलाय व्हय?” काका कळवळले आणि समजूत घालायला लगबगीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी निमिषने निघताना वहीत लिहिलं, “बेट फार शांत आहे. सिद्धारामकाका नाहीत.”

काकांची छाती फुगली. “बघ, माझं नाव घालून लिवलंय!”

काकूंनी ते दोनदा वाचलं. पुढच्या पाहुण्याला बेटावर सोडून काका परतले, तशी काकूंनी नावेची वल्ही घरात नेऊन कुलपात ठेवली.