तार जोडणारा खोदाकरम

महायुद्धाच्या दिवसांत सरकारचा हुकूम शिराझच्या वेशीपर्यंतच चालायचा. पलीकडच्या डोंगरांत बंडखोर कश्काई टोळ्यांचं राज्य होतं. त्यांनी लष्करी ठाण्याकडे जाणारी तारयंत्राची तार तोडली, की तारखात्यातला खोदाकरम खेचरावर बसून एकटाच ती जोडायला जाई.

एकदा तो खांबावर चढलेला असताना खालून माहपरी नावाची कश्काई म्हातारी ओरडली, "अरे बाबा, उतर खाली! तू आज जोडणार, माझी पोरं उद्या तोडणार. त्यापेक्षा ताक पी."

तो हसत उतरला. तिच्या तंबूत बसून ताक प्यायला, रोटी खाल्ली.

ठाण्यावर कप्तानाने दरडावलं, "तार कोणी तोडली? नावं सांग!"

"वाऱ्याने तुटली, साहेब."

"वाऱ्याच्या हातात पक्कड असते का रे?"

खोदाकरम वाऱ्यालाच दोष देत राहिला. जिथलं मीठ खाल्लं, त्या तंबूंवर तोफा कशा धाडायच्या?

वीस वर्षांची नोकरी गेली. बायको आधी चिडली, मग रडली आणि शेवटी म्हणाली, "बरं केलंत." पुढे शिराझच्या बाजारात कंदील दुरुस्त करून त्याने पोट भरलं, पण नावं मात्र कधीच कोणाला सांगितली नाहीत.