मदरबोर्डाखालची जास्तीची भोकं

कॉम्प्युटरचे मदरबोर्ड साधारण तीन मापांत मिळतात, हे मला गोंदियाच्या दुकानदारानं दाखवलं. काउंटरवर एकावर एक ठेवून. तळाशी एटीएक्स, त्यावर मायक्रो एटीएक्स आणि सगळ्यात वर इवलासा मिनी आयटीएक्स. गंमत म्हणजे स्क्रूची काही भोकं तिघांचीही जुळत होती! मी बोट घालघालून बघत बसले. "मॅडम, लेना है ना?" तो वैतागला. मग मोठा घेतला.

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावला घरी आणल्यावर बाबांनी आधी टेप काढला. सुतार माणूस, मापल्याशिवाय विश्वास नाही.

"साडेतीस बाय साडेचोवीसच्या आत. हे माप कोनं ठरवलं वं?"

मला तरी कुठे माहीत! कॅबिनेटच्या पत्र्यालाही भोकंच भोकं, कारण लहानमोठे सगळे बोर्ड त्यातच बसवायचे. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून भोकांत पितळेच्या बारक्या खुंट्या लावतात. त्या नऊ मोजून लावल्या आणि चहा ठेवायला उठले.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मला घरून करायचं ड्रॉइंगचं काम मिळालं होतं, पण सोमवारपर्यंत कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर नागपूरच्या ऑफिसात येऊन बसा, असं कंपनीनं स्पष्ट कळवलं होतं. बाबा म्हणाले होते, "जाय. मी राहीन एकटा."

चहा झाला, बोर्ड ठेवला, नऊ स्क्रू आवळले, बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला आणि बंद. रविवारची दुपार त्यातच गेली. रॅम काढ, वायर काढ, डोकं पार आऊट! शेवटी बोर्डच उचलला. खाली खुंट्या बारा.

"बाबा, या कोणी लावल्या?"

"मीच. भोक रिकामं काऊन ठेवाचं? आमच्या कामात भोक पाडलं का खुंटी बसवाच लागते."

"अहो, ती लहान बोर्डाची भोकं! आपल्या बोर्डाला तिथं भोकच नाही. खुंटी सरळ पाठीला टेकते न् बोर्ड शॉर्ट होतो!" मी चांगलीच ओरडले.

तिन्ही खुंट्या काढून त्यांच्या हातावर आपटल्या. पुन्हा बटण दाबलं. पंखे सुरू, स्क्रीन उजळला. मी टाळ्याच पिटल्या.

बाबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. खुंट्या मुठीत धरून मटकन खाली बसले.

"माह्याच हातानं तुले नागपूरले धाडलं असतं वं," म्हणाले, आणि रडायला लागले.