चिंबोरीला मंजुरी

समिती दिसली की मला तिच्यात बसावंसंच वाटतं. शाळेची समिती, उत्सवाचं मंडळ, पाण्याच्या टाकीची उपसमिती, सगळीकडे मी आहे. काम काय केलं असं बायको विचारते, तेव्हा मी इतिवृत्ताची वही दाखवतो.

त्यामुळे पुतणीनं आमच्या शहापूरच्या घरात बसून सुरू केलेल्या कामाला मंडळच नाही, हे कळल्यावर मला राहवेना. शेणव्याच्या पुढे डोंगरातल्या वाड्यांवर मुलं घरी एक बोलतात आणि पहिलीच्या पुस्तकात दुसरंच वाचतात. मोबाइलवर चित्र दाबलं की आधी घरचा शब्द ऐकू यावा, मग पुस्तकातला, असा तिचा प्रोग्राम. तोही ओपन सोर्स, म्हणजे आतलं सगळं खुलं. कुणीही पाहावं, सुधारावं, फुकट घेऊन जावं. करणारी माणसं तीन. ती स्वतः. टोकावड्याचा एक ढाबेवाला. तो शिकलेला इंजिनियर, गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यावर बसूनच कोडमधल्या चुका काढायचा. आणि एका वाडीवरच्या अंगणवाडीतली मदतनीस ताई. शब्द सगळे तिचे. रोज पाच-दहा शब्द ती आपल्या आवाजात बोलून पाठवायची. शाळा उघडेल त्या दिवशी हे पहिलीच्या मुलांपुढे ठेवायचं, एवढा एकच हट्ट पुतणीनं धरला होता.

उद्या भांडण झालं तर निर्णय कोण घेणार, असं मी विचारलं. खुलं ठेवलं म्हणजे राखण नको का? नियामक मंडळ हवंच.

"काका, तिघांत कसलं मंडळ?" ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून म्हणाली, करून बघा. मोठ्यांचं मन मोडायचं नाही ही आमच्या घरची रीत आहे आणि तिचा फायदा मी आयुष्यभर घेत आलोय.

आठवड्यात मी अकरा जण जमवले. शिक्का आधी करून घेतला, सभासद नंतर शोधले. निवृत्त मुख्याध्यापक अध्यक्ष झाले, मी कार्यवाह. अकरांत ताई नव्हती. मुद्दाम वगळली असं नाही, सुचलंच नाही. याची लाज आज लिहिताना वाटते, ती तेव्हा वाटायला हवी होती. पहिला ठराव झाला की मंडळाच्या मंजुरीशिवाय एकही शब्द आत जाणार नाही.

पहिला शब्द निघाला चिंबोरी. अध्यक्ष म्हणाले, खेकडा हाच शब्द योग्य, मुलांना भलती सवय नको. उपाध्यक्षांच्या मते चिंबोरी खाडीतली, शेताच्या बांधावर सापडतो तो मुठा. तिसऱ्यानं रश्शाचा विषय काढला आणि त्यात लसूण किती ठेचायचा यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. शब्द पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीला लग्नसराईमुळे चारच जण आले. इतिवृत्त मी झकास लिहिलं.

इकडे ताईचे आवाज यायचे थांबले. पुतणीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. यादीत शेवटचा शब्द चिंबोरी, त्यासमोर 'मंजुरी बाकी', आणि त्याखाली तीन आठवडे काहीच नाही. शाळा उघडायला महिना उरला होता.

"बाई बोलायची थांबली ती तुमच्यामुळे," बायको म्हणाली. "आता तुमीच जा."

गेलो. काखेत फाइल होतीच. ताई अंगणवाडीच्या ओट्यावर तांदूळ पाखडत होती. पाणी दिलं, बसायला दिलं, आणि सुपावरची नजर न काढता म्हणाली, "आमी घरात बोलतो ते बरोबर हाय का नाय, ते तुमी शहापुरात बसून ठरवता?"

"तसं नाय," मी म्हणालो. आणि फाइल उघडायला घेतली.

मग तिनंच सांगितलं. प्रत्येक शब्द पाठवायच्या आधी ती अंगणवाडीतल्या पोरांना ऐकवायची. काही चुकलं की पोरं फिदीफिदी हसायची, मग ती पुन्हा बोलायची. मी अकरा खुर्च्या मांडून जे करू पाहत होतो ते ही बाई रोज खिचडी शिजेपर्यंत उरकत होती, आणि तिनं ते कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. मी फाइल पाठीमागे सरकवली आणि माफी मागितली. ती म्हणाली, चहा घ्या.

मंडळ विसर्जित करायच्या बैठकीला मात्र अकराच्या अकरा हजर होते. सुटल्यासारखे दिसत होते सगळे.

पुतणीनं मग एका कागदावर चार ओळी लिहिल्या. घरच्या शब्दांबद्दल ताई सांगेल ते शेवटचं. कोडचं ती आणि ढाबेवाला पाहतील. पटलं नाही तर तिघांनी त्याच दिवशी फोनवर बोलायचं. आणि एकमेकांना न ओळखणारी माणसं कामाला येऊ लागली की मंडळ करायचं, त्यात वाड्यांवरची माणसं आधी.

मी म्हणालो, मी तरी दुसरं काय सांगत होतो?

"हेच, काका. फक्त तुमी फार लवकर आलात."

आमच्या घरात इतकं शहाणं आणि इतकं न दुखवता बोलणारं माणूस निपजलं, याचं श्रेय मी घेऊ पाहतो, पण बायको घेऊ देत नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी वाडीवर भिंतीला टेकून उभा होतो. एका लहानग्या मुलीनं खेकड्याचं चित्र दाबलं. ताईचा आवाज आला, चिंबोरी. मग पुस्तकातला शब्द. मुलगी खुदकन हसली. पुन्हा काही चुकलं का, म्हणून मी ताईकडे पाहिलं.

"चुकलं म्हणून नाय हसली," ताई म्हणाली. "माझा आवाज ओळखला तिनं."