संबंधित रहिवासी

सूर्यकांत खरवंडीकर चौतीस वर्षं संसदेत वृत्तलेखक होते. सभागृहाच्या मधल्या टेबलाशी बसून पाच मिनिटं लघुलिपीत लिहायचं, पुढचा माणूस आला की उठायचं, आत जाऊन ती पाच मिनिटं टाइप करायची आणि पाळी आली की पुन्हा जाऊन बसायचं, हे त्यांचं काम. आता ते एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि फरीदाबादला तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पत्नी प्रमोदिनी यांच्यासोबत राहतात. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. माणसं एकमेकांशी थेट बोलतात म्हणून भांडण होतं. सभागृहात सगळे अध्यक्षांशी बोलतात. समोरच्याला ‘तू’ म्हणायची सोयच नसते, त्यामुळे निम्मा राग वाटेतच जिरतो.

हे मत त्यांनी दिल्लीतल्या मराठी माणसांच्या सह्याद्री स्नेहमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वापरून पाहिलं. ग्रुपचे ॲडमिन तेच होते. सभासद एकशे त्रेचाळीस. बहुतेक केंद्र सरकारी नोकरीतले किंवा तिथून निवृत्त झालेले, बाकीचे गुरुग्राम आणि नोएडाच्या कंपन्यांत काम करणारे. मंडळाचा एक हॉल आहे, हॉलच्या मागे पाहुण्यांची एक खोली, आणि दोन्हींच्या मध्ये सामायिक बेसिन व संडास. महाराष्ट्रातून उपचारासाठी दिल्लीला येणाऱ्यांना ही खोली देतात. मुक्काम शक्यतो पंधरा दिवस, असं नियमात आहे.

त्या खोलीत शंकर माळेवार आणि त्याची बायको मयुरा जूनपासून राहत होते. शंकर लातूर जिल्ह्यातल्या औशाजवळचा. मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार. मयुराच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस व्हायचं. मानेसरच्या पत्र्याच्या खोलीतून ही ये-जा जमेना, म्हणून मंडळाने तोंडी मुदत वाढवली होती. कार्यकारिणीतल्या कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी अनुराग टिपरे हॉलवर गेला. अनुराग एकेचाळीस वर्षांचा, गुरुग्रामच्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. शुक्रवारी त्याच्या मुलीचा वाढदिवस हॉलमध्ये झाला होता आणि केकचा स्टँड तिथे राहिला होता. स्टँड घेताना त्याला बेसिनखालची कचऱ्याची बादली दिसली. तिच्यात वाळलेल्या रक्ताचे दोन कापसाचे बोळे आणि चिकटपट्टी होती. त्याने फोटो काढला, बोळ्यांभोवती लाल वर्तुळ केलं आणि ग्रुपवर टाकला. ‘दोस्तों, हे आपल्या हॉलमध्ये. इथे आपली मुलं येतात.’

त्याच फोटोत वरच्या बाजूला बेसिन दिसत होतं. त्यात शुक्रवारच्या कागदी प्लेट्स तशाच पडून होत्या आणि केकच्या क्रीमला मुंग्या लागल्या होत्या. त्यांच्याभोवती कोणी वर्तुळ केलं नाही.

दोन तासांत शहाण्णव मेसेज आले. ‘ही काय धर्मशाळा आहे?’ ‘कसलं रक्त, कोणास ठाऊक.’ ‘लातूरकडचे ना, तिकडे पाणीच नसतं, हात काय धुणार.’ एकाने ओकारी काढणाऱ्या चेहऱ्यांची सात चित्रं टाकली, दुसऱ्याने त्याखाली दहा टाकली, मग ती स्पर्धाच लागली. सरकारी इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या नीला भोसेकर यांनी लिहिलं, ‘अरे नालायकांनो, डायलिसिसची सुई काढल्यावर लावलेला कापूस आहे तो. तुमच्या अंगात काय सरबत वाहतं का?’

‘नीलाताई, लँग्वेज प्लीज,’ अनुरागने लिहिलं.

दुपारी खरवंडीकरांनी सदतीस मेसेज काढून टाकले आणि नियम लावून दिले. प्रत्येकाने अध्यक्षांना उद्देशून लिहायचं. अध्यक्ष म्हणजे ते स्वतः. एका दिवसात एका सभासदाचा एकच मेसेज. अपशब्द आला तर मेसेज काढला जाईल, पुन्हा आला तर एक दिवस ग्रुपबाहेर. आणि जो माणूस इथे उत्तर द्यायला हजर नाही त्याचं नाव घ्यायचं नाही. हा शेवटचा संकेत सभागृहात त्यांनी असंख्य वेळा पाळला जाताना पाहिला होता आणि त्यांना तो सर्वांत सभ्य वाटे. शंकर आणि मयुरा यांना ‘संबंधित रहिवासी’ म्हणायचं ठरलं. नऊ दिवस चर्चा, दहाव्या दिवशी मतदान. प्रश्न एकच: संबंधित रहिवाशांनी महिनाअखेर खोली रिकामी करावी का?

नियम लागू पडले. ओकाऱ्या थांबल्या. लोक परिच्छेद पाडून लिहू लागले.

‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने, संबंधित रहिवाशांविषयी संपूर्ण सहानुभूती बाळगून, मी एवढंच विचारू इच्छितो की संबंधित महिला बेसिन वापरतात का, आणि वापरानंतर ते निर्जंतुक केलं जातं का?’

‘माननीय अध्यक्ष, आधीच्या वक्त्यांनी अत्यंत समतोल मुद्दा मांडला. स्वतंत्र बादली आणि पाण्याचा मग दिल्यास सर्वांचा सन्मान राखला जाईल.’

‘माननीय अध्यक्ष, आधीच्या सूचनेचं स्वागत. फक्त मग वेगळ्या रंगाचा असावा, म्हणजे चुकून गोंधळ होणार नाही.’

बेसिनवर चार दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नीलाताईंनी नियमात बसवून लिहिलं: ‘माननीय अध्यक्ष, किडनी निकामी होणं हा संसर्गजन्य आजार नाही. बेसिन, मग, बादली, हवा, यांतून तो कोणाला होत नाही. वापरलेला कापूस कागदी पिशवीत बांधून टाकला की झालं. तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते.’ याला एकाने अंगठ्याचं चित्र दिलं. उत्तर कोणी दिलं नाही. पुढचा मेसेज पुन्हा मगाच्या रंगाविषयी होता. पाचव्या दिवशी त्यांनी एकच शब्द लिहिला, ‘हलकट.’ खरवंडीकरांनी तो काढला आणि नियमाप्रमाणे त्यांना एक दिवसासाठी ग्रुपबाहेर केलं.

संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन करून तसं कळवलं.

‘नीलाताई, व्यक्तिशः काही नाही. नियम सगळ्यांना सारखा.’

‘हो का? मग मला परत घेऊच नका.’

‘असं काय म्हणता? तुमचा मुद्दा बरोबर आहे, फक्त भाषा...’

‘भाषा? खरवंडीकर, वॉर्डात तीस वर्षं रक्त, पू, उलट्या, सगळं साफ केलं मी. कधी मळमळलं नाही. तुमचे हे माननीय अध्यक्ष वाचून मात्र जेवण गेलं नाही मला.’ आणि फोन ठेवला.

खरवंडीकरांनी हे प्रमोदिनीबाईंना सांगितलं. त्या केंद्रीय विद्यालयात इतिहास शिकवायच्या.

‘त्या रागावल्यात,’ ते म्हणाले.

‘अच्छा. आणि बाकीचे?’

‘बाकीचे शांत आहेत. बिल्कुल शांत. तू वाच ना, किती फरक पडलाय.’

‘वाचते रोज. तुम्ही त्या शंकरला विचारलंत का?’

‘काय विचारायचं?’

‘तुम्हीच म्हणता ना, हजर नसलेल्याचं नाव घ्यायचं नाही. मग हजर करा की त्याला.’

‘तो सभासद नाही, प्रमोदिनी. असं कसं मध्येच बोलवायचं? प्रोसिजर असते.’

त्यांचा हेतू वाईट नव्हता. खोली रिकामी करायला लागू नये, असं त्यांचं खासगी मतही होतं. पण अध्यक्ष मत देत नाहीत, म्हणून त्यांनी ते कुठेही लिहिलं नाही. सभ्य चर्चा झाली की सभ्य निर्णय निघतो, याची त्यांना खात्री होती. ती खात्री एका टेबलाशी बसून झालेली होती. तिथे त्यांनी बोलणी उतरवून घेतली. त्या बोलण्याने बाहेर कोणाच्या घरात काय झालं, हे पाहायचं काम त्यांचं नव्हतं.

दहाव्या दिवशी मतदान झालं. ग्रुपवरच्या मतदानात कोणी काय मत दिलं ते सर्वांना दिसतं. ‘हो’ अडुसष्ट, ‘नाही’ सात. बाकीच्यांनी मत दिलं नाही. लगेच अभिनंदनं सुरू झाली. ‘इतक्या संवेदनशील विषयावर इतकी सुसंस्कृत चर्चा! काका, सलाम.’ ‘आपल्या ग्रुपचा अभिमान वाटतो.’ अनुरागने लिहिलं, ‘ऑफिसमध्ये हे शिकवायला आम्ही बाहेरून ट्रेनर बोलावतो, यार.’

या अभिनंदनांपुढे पहिल्या दिवशीच्या ओकाऱ्यांची चित्रं बरी वाटतात. ती टाकणाऱ्यांना निदान आपण घाण करतोय हे माहीत होतं.

नोंद ठेवायची म्हणून खरवंडीकर ‘हो’ म्हणणाऱ्यांची नावं वहीत उतरवू लागले. त्रेपन्नावं नाव होतं, ‘शंकर मानेसर (खोली)’.

ते त्यांनीच सेव्ह केलं होतं. जूनमध्ये किल्ली देताना पाण्याच्या वेळा कळाव्यात म्हणून त्यांनीच शंकरला ग्रुपवर घेतलं होतं आणि मग विसरून गेले होते. म्हणजे तो पहिल्या फोटोपासून इथे होता. नऊ दिवस, आधी शहाण्णव, मग चाळीस, मग तीस मेसेज, संबंधित महिला, वेगळ्या रंगाचा मग, सगळं त्याच्या हातातल्या फोनवर येत होतं.

दुपारी ते खोलीवर गेले. शंकर कामावरून नुकताच आला होता. मयुरा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. डायलिसिसच्या सुया टोचायला फिश्चुला केलेला हात तिने पदराखाली घेतला.

‘शंकर, तू ग्रुपवर होतास?’

‘होतो की, काका.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘कसं बोलू? मला माननीय अध्यक्ष असं लिहाय येतंय का?’ तो हसला. ‘आणि तुम्हीच लिहिलंवतं, जो इथं नाही त्याचं नाव घेऊ नका. मी म्हटलं, आपण इथं नाही म्हणायचं.’

‘आणि मत? हो का दिलंस?’

‘पहिल्या दिवशी शिव्या देत होते ना, तवा मला काही वाटलं नाही. कंपनीत सुपरवायझर रोज देतो. रागात आहेत, उतरेल राग, म्हटलं. मग सगळे एकदम शांत झाले. तवा समजलं, आता ठरलंय यांचं. उगं कशाला ताणायचं?’

‘मी हे मतदान रद्द करतो. बाधित माणसाला न ऐकता घेतलंय, ते टिकत नाही. पुन्हा चर्चा घेऊ. तू बोल, तुझ्या भाषेत बोल.’

‘नको,’ मयुरा म्हणाली. तिने तोंड उघडलं ते पहिल्यांदाच. ‘पुन्हा नको काका. मी पण वाचते.’

खोलीच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेली बादली होती आणि तिच्या शेजारी दुसरी, झाकण लावलेली. खरवंडीकर तिकडे पाहतायत हे शंकरच्या लक्षात आलं.

‘ती बेसिनवर जात नाही आता. चौथ्या दिवसापासून. तोंडपण खोलीतच धुते. मी म्हणतो, अगं, नीलाबाईंनी लिहिलंय ना, लागट नाही म्हणून. ऐकत नाही. माझा पेला पण वेगळा काढलाय तिनं.’

त्याच दिवशी खरवंडीकरांनी मतदान रद्द केल्याचं ग्रुपवर लिहिलं. अनुरागचा फोन पाच मिनिटांत आला.

‘काका, असं नाही करता येणार. प्रोसिजर तुमचीच आहे ना. आम्ही सगळ्यांनी फॉलो केली.’

‘अनुराग, तो माणूस ग्रुपवर होता. सगळं वाचत होता.’

‘हो, मला माहीत होतं.’

‘माहीत होतं?’

‘मेंबर लिस्टमध्ये दिसतो ना तो. मला वाटलं, अच्छा आहे, ट्रान्सपरन्सी आहे. आणि काका, कोणी एक तरी शब्द वाईट बोललं का त्यांना?’

खरवंडीकरांनी फोन ठेवला आणि ग्रुपवर अध्यक्ष म्हणून नव्हे, स्वतःच्या नावाने लिहिलं: ‘शंकर माळेवार आणि मयुरा माळेवार. ही नावं घ्यायला मी बंदी केली, ती माझी चूक. नीला भोसेकर यांचं म्हणणं खरं होतं, त्याला एकाही माणसाने उत्तर दिलं नाही आणि मी कोणाला द्यायला लावलं नाही, ती दुसरी चूक. शांतपणे बोलायचं ते दुसऱ्याचं ऐकू यावं म्हणून. आपण शांतपणे एका आजारी बाईला तिच्याच अंगाची किळस आणली. अनुराग, फोटोतल्या प्लेट्स तुझ्या होत्या.’

एकतीस जोडलेले हात आले. अनुरागने लिहिलं, ‘काका, तुमच्या भावनांचा पूर्ण आदर आहे.’ प्लेट्सविषयी त्याने काही लिहिलं नाही. कार्यकारिणीने मतदान ग्राह्य धरलं. खरवंडीकरांनी ॲडमिनपद सोडलं.

माळेवारांनी महिनाअखेरची वाट पाहिली नाही. शंकरच्या ओळखीच्या एका मुलाने दिल्लीतच मुनिरकात खोली बघून दिली. चौथा मजला, अरुंद जिना. रुग्णालय जवळ आहे, पण डायलिसिसनंतर मयुराला प्रत्येक मजल्यावर बसावं लागतं. सामान नेलं त्या दिवशी खरवंडीकर टेम्पोत पुढे बसून गेले. नको म्हणत असतानाही त्यांनी एक पिशवी वर नेली आणि धाप लागून खाली बसले.

मयुराने एका पिशवीतून कागदी कपांची नवी चळत काढली, वरचं प्लॅस्टिक फाडलं आणि एका कपात पाणी ओतून त्यांच्यापुढे ठेवलं.

‘पेल्यात दे ना, मयुरा,’ ते म्हणाले. मोरीपाशी स्टीलचे चार पेले पालथे होते.

‘नको काका.’

‘अगं, मला चालतं.’

‘तुम्हाला चालतंय हो,’ ती म्हणाली, आणि कप त्यांच्या हाताजवळ सरकवून, स्वतःचा हात लागू न देता, मागे झाली.